चुकलेले भोक बुजवून नव्याने पाडणे : गाळ्यातील एक दुर्लक्षित हुनर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, डोंबिवली एमआयडीसीच्या दोन्ही फेजमध्ये आणि कल्याण-भिवंडी भागातील लहान-मोठ्या गाळ्यांत लेथ, ड्रिल आणि वेल्डिंग यांवर रोजी कमावणारे पुष्कळ कारागीर आहेत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली. डोंबिवलीची वसाहतही त्याच दशकातली. मोठे कारखाने आले, त्यांतले बरेच बंद पडले, काहींच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या; पण त्यांच्या सावलीत वाढलेला जॉबवर्कचा धंदा अजून टिकून आहे. या धंद्यातील एका कामाविषयी आज लिहायचे आहे. त्याची पाटी कोणी दुकानावर लावत नाही आणि आयटीआयमध्ये त्याला वेगळा तास नसतो. तरीही महिन्यातून दोनचार वेळा ते प्रत्येक गाळ्यात येतेच. चुकलेले किंवा झिजलेले भोक बुजवायचे आणि योग्य जागी, योग्य मापाचे नवे भोक पाडायचे, हे ते काम.

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण हिशेब मांडून पाहा. समजा, गिऱ्हाइकाने वीस हजार रुपयांचे कास्टिंग पाठवले आहे आणि एका भोकामागे तुम्हाला चाळीस रुपये मिळणार आहेत. मार्किंगमध्ये चूक झाली आणि एक भोक पाच मिलिमीटर बाजूला पडले, तर ते कास्टिंग भरून देण्यासाठी तुम्हाला पाचशे भोकांची मजुरी द्यावी लागेल. लहान गाळेवाल्याचा आठवडा, कधी महिना, यात जातो. अशा वेळी ज्याला भोक नीट बुजवता येते तो तरतो. ज्याला येत नाही तो एकतर नुकसान सोसतो, नाहीतर वेल्डिंगचा ठिपका मारून वर रंग फासतो. हा दुसरा मार्ग आम्हाला सर्वांत घातक वाटतो. त्याविषयी पुढे लिहू.

भोक बिघडण्याचे प्रकार दोन आहेत. पहिल्या प्रकारात भोक चुकीच्या जागी पडते किंवा मापापेक्षा मोठे होते. दुसऱ्यात ते मुळात बरोबर असते, पण वापराने झिजून लांबट होते किंवा त्याचे आटे जातात. दोन्हींवर उपाय एकच दिसला तरी विचार वेगळा करावा लागतो. चुकलेल्या भोकात जागा शोधावी लागत नाही, ती ड्रॉइंगमध्ये लिहिलेली असते. झिजलेल्या भोकात मूळ जागाच हरवलेली असते. वीस मिलिमीटरचे भोक एका बाजूला झिजून २०.८ झाले आणि मिस्त्रीने त्या लांबट भोकाचा मध्य काढून नवे भोक पाडले, तर केंद्र ०.४ मिलिमीटर सरकले. गिअर बसवायचा असेल तर एवढा फरक गिअर ओरडायला पुरतो. म्हणून झिजलेल्या भोकाचा मध्य भोकातून कधी काढू नये. न झिजलेल्या बाजूवरून, शेजारच्या डॉवेल पिनेवरून किंवा जोडीच्या भागावरून काढावा.

आणि त्याही आधी, भोक का झिजले हे विचारावे. भिवंडीच्या यंत्रमागांचे उदाहरण घ्या. मागाची बाजूची चौकट बिडाची असते, तिच्यावर शाफ्टची बेअरिंगे बोल्टांनी आवळलेली असतात आणि धोट्याच्या प्रत्येक फेकीला सगळा माग हादरतो. एखादा नट सैल राहिला की बोल्ट भोकात आपटू लागतो आणि बीड कुटून भोक लांबट करतो. चौकट गाळ्यात आणून भोक भरून दिले आणि नट पुन्हा तसाच सैल राहिला, तर काही महिन्यांनी तीच चौकट परत येईल आणि दोष कारागिराच्या माथी बसेल. काम घेताना दोन मिनिटे विचारपूस करण्यात कमीपणा नाही.

आता लाकडाकडे थोडे पाहू, कारण मूळ तत्त्व तिथे स्वच्छ दिसते. दाराच्या बिजागरीचा स्क्रू ढिला झाला की घरोघरी आगपेटीच्या काड्या कोंबतात. चार दिवस निभते. चांगला सुतार मात्र भोक थोडे मोठे करून, आतली भुसभुशीत बाजू काढून टाकतो, त्यात त्याच जातीच्या लाकडाची गुल्ली फेव्हिकॉल लावून ठोकतो, रात्रभर वाळू देतो, वरचा भाग पटाशीने सपाट करतो आणि मग बारीक गिरमिटाने नवे भोक पाडतो. यात तीन गोष्टी आहेत. खराब झालेला भाग काढून टाकला, भरणा मूळ मालाशी जुळता घेतला आणि तो घट्ट झाल्याशिवाय त्याला हात लावला नाही. गुल्लीचे रेषे फळीच्या रेषांच्या दिशेने ठेवले तर स्क्रू आडव्या रेषांत जातो आणि पकड चांगली येते. बाजारची गोल काडी सरळ ठोकली तर स्क्रू तिच्या टोकातून, म्हणजे रेषांच्या मधून घुसतो आणि पकड कमी मिळते. उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराला माल पुरवणाऱ्या सुतारांना हे सांगायला नको. पार्टिकल बोर्डाने मात्र त्यांनाही सतावले आहे. त्यात रेषाच नसतात, त्यामुळे मोठी गुल्ली आणि भरपूर गोंद यांवरच काम भागवावे लागते.

हेच काम जगात एका ठिकाणी स्वतंत्र धंदा म्हणून चालते, ते म्हणजे बोलिंगच्या गोळ्यांच्या दुकानात. मुंबई परिसरातील मॉलमध्ये हा खेळ आपल्या मुलांनी पाहिलेला असेल. गुळगुळीत लांब लेनवरून जड गोळा घरंगळत सोडायचा आणि साठ फुटांवर मांडलेल्या दहा पिना पाडायच्या. गोळ्याचा व्यास सुमारे साडेआठ इंच असतो आणि वजन जास्तीत जास्त सोळा पौंड, म्हणजे ७.२६ किलो. मॉलमधले गोळे सर्वांसाठी असल्याने त्यांची भोके ढिली असतात. पण जो हा खेळ मनापासून खेळतो, तो स्वतःचा गोळा घेतो आणि अंगठा, मधले बोट व अनामिका यांच्या मापाची तीन भोके पाडून घेतो. भोकांमधले अंतर आणि भोक आत कोणत्या बाजूला कलले आहे, हे हाताप्रमाणे ठरते. कलात थोडा फरक पडला तरी अंगठा अडकतो किंवा गोळा आधीच सुटतो, आणि रोज खेळणाऱ्याच्या मनगटाला त्रास सुरू होतो.

आता हा गोळा दुसऱ्याने जुना विकत घेतला किंवा मालकाच्याच बोटांचे माप बदलले, तर काय? गोळा महाग असतो, फेकवत नाही. मग दुकानदार भोकातील रबरी पकड काढतो, तेल व मळ साफ करतो, आतली भिंत खरवडतो आणि भोकाभोवती टेपची छोटी भिंत उभारतो. दोन भागांचे रेझिन मिसळून हळूहळू ओततो, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. रेझिन आटते, म्हणून ते काठापेक्षा थोडे वर येईल इतके भरतात. पक्के झाल्यावर वरचा फुगवटा कापून, घासून गोळा पुन्हा गोल करतात आणि मगच नवी भोके पाडतात. भरलेल्या जागेचा रंग बहुधा जुळत नाही. तिकडे त्याचे कोणाला काही वाटत नाही, खेळणारा रंग पाहत नाही, पकड पाहतो. रेझिन मात्र गोळ्याच्या वरच्या थराशी कडकपणाने आणि वजनाने जुळते असावे लागते. ते फार मऊ असेल तर लेनवर फिरताना तिथे खळगा पडतो, आणि वजन वेगळे असेल तर गोळ्याचा तोल जातो.

त्या धंद्याला २०२० साली एकदम मोठे काम मिळाले. पूर्वी खेळाडू पकडीच्या भोकांशिवाय आणखी एक भोक गोळ्याचा तोल साधण्यासाठी पाडत असत. अमेरिकेच्या बोलिंग काँग्रेसने १ ऑगस्ट २०२० पासून असे जादा भोक बंद केले. ज्यांच्या गोळ्यांना ते होते, त्यांना स्पर्धेत उतरायचे तर ते बुजवणे भाग पडले. नियमाची एक ओळ बदलली आणि भोक बुजवणाऱ्यांच्या बाकावर गोळ्यांची रांग लागली. डोंबिवलीत असे दुकान टाका, असा सल्ला आम्ही देत नाही. इथे तेवढी गिऱ्हाइकी दिसत नाही. पण त्यांची एक युक्ती आपल्या फिटरांनी जरूर पाहावी. अंगठ्याचे माप वारंवार बदलते, म्हणून तिकडचे कारागीर गोळ्यात आधीच मोठे भोक पाडतात, त्यात प्लॅस्टिकचा एक दंडगोल चिकटवतात आणि अंगठ्याचे भोक त्या दंडगोलात पाडतात. माप बदलले की दंडगोल काढून नवा बसवायचा, गोळ्याला धक्का नाही. आपण ज्याला बुश म्हणतो तेच हे.

धातूच्या कामात बुश हाच राजमार्ग आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुष्कळजण चुकलेल्या भोकात गोल सळईचा तुकडा ठोकतात, वर पंच मारतात आणि शेजारी ड्रिल लावतात. इथे तीन संकटे येतात. एक, नवे भोक जुन्याला अर्धेमुर्धे कापत असेल तर ड्रिलचे टोक जिथे माल मऊ तिकडे पळते. बिडात एमएसचा प्लग असेल तर एका बाजूला एक माल आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, ड्रिल सरळ जाणार कसे? दोन, प्लग पुरेसा घट्ट नसेल तर ड्रिल लागताच तो भोकातच फिरू लागतो. तीन, आणि हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, नव्या भोकाने प्लगचा मोठा भाग खाल्ला तर मागे चंद्रकोरीसारखी पातळ चकती उरते. तिला कोणी धरून ठेवलेले नसते. आज नाही तर उद्या ती मशीन चालू असताना निसटते.

म्हणून असे करावे. जुने भोक वीस मिलिमीटरचे आहे आणि खरी जागा तीन मिलिमीटर बाजूला आहे असे धरू. नव्या जागेला केंद्र मानून इतके मोठे बोअर करा की जुने भोक त्यात पूर्ण गिळले जाईल. नव्या केंद्रापासून जुन्या भोकाची दूरची कड १० अधिक ३, म्हणजे १३ मिलिमीटरवर आहे. तेव्हा किमान २६ मिलिमीटर व्यास हवा. ३२ घेतला तर सर्व बाजूंनी चांगला माल लागेल. या ३२ च्या बोअरमध्ये वीसचे भोक असलेला बुश बसवला की त्याची भिंत सगळीकडे सहा मिलिमीटरची, सारखी. बुश लेथवर सरळ कातता येतो, वाकड्या केंद्रावर पुन्हा ड्रिल करण्याची भानगड नाही आणि चंद्रकोरही उरत नाही. एवढेच लक्षात ठेवायचे की हे मोठे बोअर ड्रिलने करू नये. ड्रिल जुन्या भोकाकडे ओढले जाईल. एका दाताच्या बोरिंग टूलने, मिलिंग मशीनवर किंवा घट्ट बांधलेल्या जॉबवर, थोडा थोडा कट घेत करावे. जुने भोक आडवे आले तरी बोरिंग टूल आपले केंद्र सहसा सोडत नाही.

काठाजवळच्या भोकाला एवढे मोठे बोअर परवडेल का, हे आधी मोजावे. पोलादी बांधकामाच्या आपल्या आयएस ८०० या मानकात, मशीनने कापलेल्या कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत भोकाच्या व्यासाच्या किमान दीडपट अंतर सांगितले आहे. मशीनच्या भागांना ते जसेच्या तसे लागू होत नाही, पण डोळ्यांसमोर ठेवायला बरे. बुश बसवल्यावर बाहेरची भिंत पापडासारखी उरत असेल तर तो जॉब वाचवण्यात अर्थ नाही.

बुश किती घट्ट बसवावा? पुष्कळ ठिकाणी अजून 'हातोड्याने जाईल इतका' असे माप चालते. मानक फिटचा विचार केला तर ३२ मिलिमीटरच्या बोअरला एच ७ आणि बुशला पी ६ धरतात. याचा अर्थ बोअर शून्य ते २५ मायक्रॉन मोठे चालेल आणि बुश २६ ते ४२ मायक्रॉन मोठा हवा. म्हणजे दोघांतील घट्टपणा १ पासून ४२ मायक्रॉनपर्यंत काहीही येऊ शकतो. १ मायक्रॉनचा बुश केवळ नावाला घट्ट असतो, तो फिरू नये म्हणून आणखी सोय करावी लागते. ४२ चा दाबून बसवावा लागतो. व्हर्नियरवर हे दिसत नाही, मायक्रोमीटर आणि बोअर गेज लागते. ज्याच्या गाळ्यात ही दोन नाहीत त्याने असले काम शेजाऱ्याकडे पाठवावे, हे आम्ही स्पष्टच लिहितो.

बसवताना हातोडा टाळता आला तर उत्तम. पोलाद एका अंशाला, दर मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन आकसते किंवा फुगते. तीस अंशांच्या हवेतला ३२ मिलिमीटरचा बुश घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, उणे अठरापर्यंत थंड केला तर तो सुमारे १८ मायक्रॉन बारीक होतो. एवढ्यावर तो अर्धा रस्ता तरी सहज उतरतो. घरात यावरून वाद होईल, तेवढी तयारी ठेवावी. घर ॲल्युमिनियमचे असेल तर ते तापवणे जास्त फायद्याचे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, शंभर अंश तापवले तर ३२ चे बोअर सत्तर मायक्रॉनहून अधिक उघडते आणि बुश अलगद आत बसतो. बुशच्या पुढच्या कडेला थोडा उतार द्यावा. आंधळ्या भोकात प्लग दाबायचा असेल तर अडकलेल्या हवेला बाहेर पडायला बारीक खाच किंवा भोक ठेवावे, नाहीतर हवा दबून प्लग परत वर येतो. बुश बसल्यावर त्याचे आतले भोक थोडे आकसते, म्हणून आतून मापात थोडा माल ठेवून शेवटी रीमर फिरवावा.

फिट हलका असेल किंवा भार फिरवणारा असेल, तर बुश आणि घर यांच्या सांध्यावरच एक बारीक भोक पाडून, अर्धे इकडे अर्धे तिकडे, त्यात पिन किंवा डोके नसलेला स्क्रू बसवावा. मग बुश फिरण्याचा प्रश्न नाही. बुश आणि घर एकाच कडकपणाचे असतील तर हे भोक सरळ जाते. वेगवेगळे असतील तर इथेही ड्रिल मऊ बाजूला पळेल, तेव्हा वर कडक बुशचे जिग आवळावे. धातू पकडणारी जी द्रव रसायने लॉकटाइट वगैरे नावांनी मिळतात तीही चांगली आहेत, पण तेलकट भोकात ती काही धरत नाहीत. आणि पुढे बुश काढायचा झाला तर तापवावे लागते, हे गिऱ्हाइकाला सांगून ठेवावे.

वेल्डिंगने भोक भरण्याबाबत एकच उत्तर देता येत नाही. साध्या एमएसच्या पट्टीत, जिथे भार थोडा आहे, तिथे ते ठीक. खाली तांब्याची पट्टी धरावी, वितळलेले पोलाद तिला चिकटत नाही. जाड पट्टी असेल तर दोन्ही बाजूंनी, थर देत, प्रत्येक थराची कीट काढत भरावे आणि मग ग्राइंडर लावावा. घाईत वरचे झाकण बनते आणि आत पोकळी राहते. नवे ड्रिल त्या पोकळीत घुसले की मोडते. जिथे भार सारखा उलटसुलट होतो, क्रेनचा गर्डर किंवा हादरणाऱ्या मशीनची चौकट, तिथे वाईट भरलेल्या भोकापेक्षा रिकामे भोक बरे, कारण वेल्डच्या आतल्या दोषातून भेग सुरू होते. अमेरिकेतील पोलादी बांधकामाच्या वेल्डिंग संहितेतही चुकलेले भोक, भरण्याची खास गरज नसेल तर, उघडे ठेवायला किंवा त्यात बोल्ट घालून आवळायला मुभा आहे. आपल्याकडे मात्र रिकामे भोक दिसले की साहेब रागावतात, म्हणून मिस्त्री ते भरून मोकळा होतो.

बिडाचे प्रकरण तर निराळेच. बिडात कार्बन फार, साधारण अडीच ते चार टक्के. साध्या इलेक्ट्रोडने भोक भरले की वेल्डच्या कडेला काचेसारखा कडक आणि ठिसूळ थर तयार होतो. त्यात ड्रिल जात नाही, आणि रात्री गार होताना 'टक' असा आवाज आला तर समजावे की भेग गेली. निकेलचे इलेक्ट्रोड, जॉब आधी तापवणे, इंचभराचे तुकडे टाकत जाणे, प्रत्येक तुकड्यावर हलका हातोडा आणि शेवटी राखेत किंवा चुन्यात झाकून हळू गार करणे, असा सगळा सोपस्कार आहे. ज्याला तो जमतो त्याने करावा. इतरांनी लहान भोकासाठी आट्यांचा प्लग वापरावा. भोकाला आटे पाडायचे, त्यात बिडाचाच किंवा मऊ पोलादाचा आट्यांचा तुकडा रसायन लावून घट्ट आवळायचा, वरून कापून सपाट करायचा. आगीशिवाय काम होते आणि कास्टिंग वाकत नाही.

आटे गेलेल्या भोकांचे काम दुचाकी आणि रिक्षांच्या गॅरेजवाल्यांकडे सर्वांत जास्त येते. ॲल्युमिनियमच्या इंजिनात पोलादी बोल्ट दहावीस वेळा जोर करून आवळला की आटे बोल्टाबरोबर बाहेर येतात. सोपा इलाज म्हणजे एक माप वाढवणे. एम ८ चे आटे गेले तर साडेआठचे ड्रिल मारून एम १० चा टॅप. पण मग शेजारचे तीन बोल्ट एक मापाचे आणि चौथा दुसऱ्या मापाचा होतो; पुढचा मेकॅनिक शिव्या देतो. भिंत पातळ असेल तर तीही जाते. त्यापेक्षा तारेच्या स्प्रिंगसारखा स्टेनलेसचा इन्सर्ट, ज्याला हेलिकॉइल या नावाने ओळखतात, तो बसवावा. एम ८ साठी भोक सुमारे ८.४ चे, त्याचा खास टॅप वेगळा येतो, साधा चालत नाही. आत इन्सर्ट फिरवून बसवला की मूळचाच एम ८ बोल्ट लागतो आणि ॲल्युमिनियममध्ये आटे पूर्वीपेक्षा मजबूत होतात, कारण भार जास्त मालावर वाटला जातो. इन्सर्ट बसवल्यावर त्याच्या खालची आडवी शेपटी मोडून बाहेर काढायची असते. स्पार्कप्लगच्या भोकात ती शेपटी सिलिंडरमध्ये पडली तर पिस्टन गेला. त्या जागी ग्रीस लावलेला टॅप वापरावा आणि हेड काढूनच काम करावे, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

आता ज्या गोष्टीचा उल्लेख वर केला तिच्याकडे येऊ. डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेले स्फोट आपण विसरलेलो नाही. त्यांचा संबंध आम्ही भोकांशी जोडत नाही. पण अशाच कारखान्यांची रिॲक्टरची झाकणे, फ्लँज, व्हॉल्व्हच्या बॉडी आपल्या गाळ्यांत जॉबवर्कला येतात. त्यात एखादे भोक चुकले आणि कोणी ते लपवून भरले, तर पलीकडे दाबाखाली गरम रसायन असते आणि त्याच्याशेजारी आपल्यासारखाच एक कामगार उभा असतो. दाबाची भांडी, बॉयलरचे भाग, उचलण्याचे हुक व साखळ्या, ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग यांतील चुकलेले भोक गाळ्याच्या पातळीवर भरूच नये. बॉयलरच्या दुरुस्तीला तर निरीक्षकाची मंजुरी आणि मान्यताप्राप्त वेल्डर लागतो. बाकीच्या कामातही गिऱ्हाइकाचा माल ही अमानत आहे. चूक झाली तर फोन करावा, काय झाले आणि कसे दुरुस्त करता येईल ते सांगावे. मोठ्या कारखान्यांच्या क्वालिटी विभागात यासाठी कन्सेशन किंवा डेव्हिएशनचा रीतसर कागद असतो. तो भरून सही घेतली की बुश बसवलेला भाग उजळ माथ्याने जातो. न सांगता भरलेले भोक तपासणीत सापडले तर एक भागच नव्हे, पुरवठादारच बाद होतो. वागळे इस्टेटमध्ये अशी उदाहरणे आमच्या ऐकण्यात आहेत.

दराविषयी दोन शब्द. भोक बुजवण्याचे काम भोकावर आकारू नये, वेळेवर आकारावे. नवे भोक पाडायला मिनिट लागते. हेच काम करायला जॉब बांधणे, मूळ केंद्र शोधणे, बोअर करणे, बुश कातणे, बसवणे आणि रीमर फिरवणे यात अर्धा दिवस जातो. जो नव्या भोकाच्या दराने हे करतो तो घाई करतो आणि घाईत दुसरे भोक चुकते. त्याचबरोबर नव्या भागाची किंमत आधी विचारावी; दुरुस्ती नव्या भागाच्या निम्म्याच्या वर जात असेल तर गिऱ्हाइकाला तसे सांगून नवा भाग घ्यायला लावावा. आजची मजुरी बुडेल, पण उद्या तो गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार नाही.

कागदपत्रांत आपण कच्चे पडतो. जॉबवर्कला माल आला तर सोबत गिऱ्हाइकाचे चलन असलेच पाहिजे. जीएसटीच्या नियमात असा माल साधारणपणे वर्षाच्या आत परत जायला हवा. माल आला त्या दिवशी त्यावर भोके कशी आहेत ते पाहावे आणि आधीपासून काही बिघडलेले असेल तर चलनाच्या दोन्ही प्रतींवर लिहून घ्यावे. नंतर 'हे तुमच्याकडेच चुकले' असा वाद निघाला तर तोंडी साक्ष उपयोगी पडत नाही. उद्यम नोंदणी नसेल तर करून घ्यावी, ती मोफत होते. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाल्यास व्याज लागते. आणि बिलावर 'मशीनिंग' एवढेच न लिहिता 'जुने भोक बोअर करून बुश बसवला, आतील माप २० एच ७' असे स्पष्ट लिहावे. पुढे तो भाग कोणाच्याही हातात गेला तरी आत बुश आहे हे त्याला कळेल आणि तो ड्रिल लावण्याआधी थांबेल.